राजव्वाच्या पुडीत काय होतं

राजव्वाला आम्ही दुपारभर दारात ठेवलं होतं. उन्हाळ्याचे दिवस. भाऊबंद भिंतीच्या सावलीला उभे होते आणि सगळ्यांचं एकच, आता उचला. मी न्हाय म्हणत होतो. जायच्या आधी तिनं मला सांगितलं होतं, "बिड्डा आल्याबिगर मला उचलू नका." बिड्डा म्हणजे आमच्या तेलुगूत लेकरू. आम्हाला पोटचं लेकरू झालं नाही. राजव्वाची बिड्डा म्हणजे पुण्याची डॉक्टरीण, मेघना. सकाळी मी तिला फोन लावला होता. तिनं उचलला, म्हणाली, "निघते, बाबा." शेजारच्या हसीनाबींनी बर्फाच्या लाद्या मागवल्या. त्या विरघळल्या. उन्हं उतरली तरी कुणी आलं नाही आणि फोनही लागेना. शेवटी हसीनाबीच म्हणाल्या, "भाईसाब, बेटी असती तर आली असती की. ती पगारी होती." तेव्हा उचललं.

त्याला आता दीड-दोन महिने झाले. सगळे सांगतात, मनातून काढून टाका. मला जमत नाही.

राजव्वा विड्या वळायची, मी टॉवेलच्या मागावर होतो. आमच्या घराची मागची भिंत मागांच्या कारखान्याला लागून, दिवसभर खडखडाट. लग्नानंतर काही वर्षांनी तिला त्या खडखडाटात माणसं बोलताना ऐकू यायला लागली. तिचं नाव घेऊन बोलायची, नको ते बोलायची. नातेवाईक म्हणाले, बाहेरचं हाय. देव झाले, दर्गा झाला, लिंबू-नारळ झाले. मग दवाखान्यात स्किझोफ्रेनिया हे नाव कळलं. गोळ्यांनी आवाज दबायचे, पण बाईही दबायची. नुसती बसून राहायची. हात कापायचे, विडी वळता यायची नाही. तरी जीभ शाबूत होती. मी वैतागून बोललो की म्हणायची, "तुमच्यापरीस माझ्या कानातले बरे, निदान नाव तरी घेतात."

मेघना आली ती संशोधनासाठी. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांचं काम होतं, सोलापुरातल्या पेशंटांकडं ही यायची. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण तिनं मला समजेल असं सांगितलं. डाळीत, दुधात जे प्रथिन असतं त्याचे बारीक तुकडे म्हणजे अमिनो आम्लं. मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीला पोचायचा तर तिथं एक दार असतं, आणि ते उघडायला दोन आम्लं लागतात. एकाचं नाव मला आठवत नाही, दुसरं ग्लायसिन. एकटं असून भागत नाही. मी म्हटलं, म्हणजे नुसत्या ताण्याचं कापड होत न्हाय, बाणा लागतो, तसं. ती हसली, म्हणाली, बाबा, आता हेच मी सगळ्यांना सांगणार. या आजाराच्या काही माणसांत हे आम्ल कमी पडतं का, शरीर ते नीट वापरत नाही का, आणि वरून दिलं तर फरक पडतो का, हे त्यांना बघायचं होतं. रोजच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, त्यावर ही पुडी पाण्यातून घ्यायची.

एक गोष्ट तिनं लपवली नाही, ती मी मान्य करतो. काहींच्या पुडीत खरं औषध, काहींच्या पुडीत नुसती साखरेसारखी भुकटी, दिसायला आणि चवीला सारखीच. राजव्वानं संमतीच्या कागदावर अंगठा उठवायच्या आधी विचारलं, "मला खरी देशील न्हवं?" मेघना म्हणाली, "मलाबी म्हाईत नसतंय, अम्मा. समदं संपल्यावर उघडतात. तवा मी सोता येऊन सांगीन." आमच्याशी बोलून बोलून ती आमच्यासारखंच बोलायला लागली होती.

दर खेपेला ती घरी यायची. राजव्वाजवळ जमिनीवर बसायची, झोप कशी, आवाज किती, कोण काय बोललं, सगळं विचारायची. राजव्वाच्या कानातल्यांना इतक्या वर्षांत कुणी चारचौघांसारखं विचारलं नव्हतं. मी तर त्यांना शिव्याच द्यायचो. पोरगी निघाली की राजव्वा तिची ओटी भरायची. खण, नारळ, मूठभर तांदूळ. ती पहिल्यांदा म्हणाली, अम्मा, आम्हाला पेशंटकडून काही घ्यायचं नसतं. राजव्वा म्हणाली, "पेशंट देत न्हाय. आई देतीया." पोरीनं पदर पसरला. आता ओटी घेतली म्हणजे हे घर तिचं माहेर झालं, हे तिला कळत नव्हतं असं मी कसं म्हणू? मराठी घरातलीच ती.

आणि राजव्वा सुधारली. लई नाही, पण सुधारली. पुडी ती आंघोळ करून, सूर्याला हात जोडून घ्यायची. गोळ्या कधी नव्हे त्या वेळेवर घ्यायला लागली, कारण बिड्डा विचारील. पुन्हा विड्या वळायला बसली. एकदा जत्रेत माझा हात धरून गर्दीतून चालली... मी म्हातारा लाजलो.

मग संशोधन संपलं. पुड्या थांबल्या. मेघना पुण्याला गेली ती गेलीच. सुरुवातीला फोन घ्यायची, उघडलं की सांगते म्हणायची. पुढं कामात हाय म्हणायची. राजव्वाचं मन खचलं. म्हणाली, खरं औषध पोरीबरोबर गेलं, आता या गोळ्यांनी काय व्हतंय. मी हातावर गोळी ठेवायचो, ती जिभेखाली धरून मोरीत थुंकायची. आवाज परत आले. जेवण तुटलं, मग ताप धरला, छाती भरली. शेवटपर्यंत तिचं एकच, "बिड्डा इल. पुडी खरी व्हती का, सांगंल. खरी व्हती तर परत मागून घिऊ."

राजव्वाचे दिवस घातल्यावर मी दवाखान्यात गेलो. मेघनाबरोबर काम केलेले एक डॉक्टर भेटले. कागद बघून म्हणाले, "काका, तुमच्या मिसेसची पुडी साधी होती. औषध नव्हतं त्यात."

मी विचारलं, हे कळलं कवा?

म्हणाले, काम संपल्यावर थोड्याच दिवसांत. मेघना मॅडमना तेव्हापासून माहीत आहे.

मग ती बोलली का न्हाय?

ते म्हणाले, "तुमच्या मिसेसनी त्या पुडीला देव मानलं होतं. तो मोडायचं मॅडमच्या जिवावर आलं. मला म्हणाल्या होत्या, अम्माला कसं सांगू."

म्हणजे माया होती म्हणून लपवलं. मला राग याचाच येतो. तिला माया नसती, ती खरंच पगारी असती, तर एका फोनवर सांगून मोकळी झाली असती. आणि राजव्वाला कळलं असतं की पुडीत काही नव्हतं, जे झालं ते गोळ्यांनी आणि तिच्या स्वतःच्या हिकमतीनं झालं. मग ती गोळ्या थुंकली असती का? मला नाही वाटत. पण आता कुणाला विचारू? औषध शोधणाऱ्यांनी शोधावं, मी नको म्हणत नाही. उद्या कुणाच्या तरी बायकोला त्याचा उपयोग होईल. पण उत्तर ज्याचं त्याला द्यावं. ते तिचं होतं.

चुलीशेजारी, कारखान्याच्या भिंतीला टेकून राजव्वाची बसायची जागा. आता सकाळी माग सुरू झाले की मी तिथं पाठ टेकून बसतो. भिंत थरथरते, पाठीत हादरे येतात. मी कान देऊन ऐकतो. मला खडखडाटाशिवाय काही ऐकू येत नाही. तिला सगळं ऐकू येत होतं, आणि त्या बऱ्या दिवसांत ती तिथंच बसून मला गरम भाकरी वाढत होती. मधेच भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "थांबा जरा, माणूस जेवतंय." मी समजायचो, पुडी बोलतीया.

पुडी नव्हती ती. राजव्वा होती.