तुरुंगातली शालनची खोली

शालन परब गेल्याची बातमी मला खाकी गणवेशातल्या बाईनं दिली. मी मुलुंडला लेकीकडे राहून बोरिवलीला परतले, तर आमच्या सोसायटीच्या फाटकात जीप उभी. सेक्रेटरींनी गच्चीवर परवानगीशिवाय पत्रे टाकलेले. त्यांना वाटलं, त्याचीच धाड. ते मागच्या जिन्यानं जे उतरले ते म्हणे थेट विरारला मेहुण्याच्या घरात शिरूनच थांबले. मी मात्र जीपमधून उतरणाऱ्या बाईला ओळखलं. मनीषा सुर्वे, महिला तुरुंगातली शिपाई. "काकू, आपल्या मावशी गेल्या हो," एवढंच ती म्हणाली आणि भर फाटकात माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी सामानाची पिशवी हातात धरून उभी. वरच्या मजल्यांवरच्या बाया खिडकीतून बघत होत्या, की मला नेमकं कोणत्या गुन्ह्यात नेतायत!

शालन माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. त्या दिवशी दुपारी बांगड्याची आमटी आणि भात पोटभर जेवली, पेपर तोंडावर घेऊन आडवी झाली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल. मी म्हटलं, ते शक्य नाही. तिला न कळता तिच्या घरात मांजरसुद्धा येऊ शकत नव्हतं, यमाची काय बिशाद...

महापालिकेच्या प्रसूतिगृहात ती सिस्टर होती. मूळची मालवणकडची. वडील गिरणीत, त्यामुळे आवाज मशीनच्या वरचा लावायची घरचीच सवय. ती दुसऱ्या मजल्यावरून "वसू गो!" म्हणाली की नॅशनल पार्कातला बिबट्या ओशाळून जागा बदलायचा. उपनगरातली अर्धी लोकसंख्या तिच्या हातांखालून गेली, उरलेली अर्धी पुण्यात जन्मली म्हणून सुटली, असं मी सगळ्यांना सांगते आणि अजून कुणी खोडून काढलेलं नाही. बाळंतपणं करणारे डॉक्टर पुष्कळ होते, पण बाळ छातीला लागत नाहीये म्हटलं की सगळे शालनला शोधत यायचे. एकदा जुहूला आम्ही भेळ खात होतो. शेजारच्या चटईवर एक तान्हं किंचाळत होतं, आई घामाघूम. शालननं भेळ माझ्या हातात कोंबली, तरातरा गेली, त्या परक्या बाईचं कोपर नुसतं चार बोटं वर उचललं आणि पोराचं तोंड जरा वळवलं. आवाज बंद! नवरा बिचारा बायकोची पर्स सांभाळत ओरडला, "ओ मावशी, काय चाललंय?" शालन म्हणाली, "पर्स नाय, तुझो झील बघ." तेवढ्यात तिची भेळ मी संपवली होती. ते तिनं शेवटपर्यंत माफ केलं नाही.

निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, ही तुरुंगात गेली. अंधेरीच्या काही बायकांचा गट महिला तुरुंगात शिवण शिकवायला जायचा. त्यांनी शालनला मुलांच्या आरोग्यावर बोलायला बोलावलं. गाडी चालवायला मी, कारण आमच्या ह्यांच्या जुन्या मारुतीचा दुसरा गिअर फक्त माझंच ऐकतो. तुरुंगात लहान मुलं आईबरोबर राहतात हेसुद्धा मला तोवर माहीत नव्हतं. शालननं व्याख्यान दिलंच नाही. बराकीत शिरली, सगळ्यांकडे पाहिलं आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या एका पोरीसमोर जाऊन बसली.

ती पूनम. मालाडची, वीस-बावीस वर्षांची, खटला अजून उभा राहायचा होता. कशाचा, ते आम्ही विचारलं नाही. शालनचं म्हणणं, गुन्हा विचारायला कोर्ट आहे, आपण दूध विचारायचं. पकडलं तेव्हा पूनमची तान्ही मुलगी सासूकडे राहिली. बाळ तिच्याकडे आणायची परवानगी मिळेपर्यंत पूनमचं दूध आटून गेलं होतं. बाळाला वरचं दूध सोसत नव्हतं. प्यायली की ओकायची, आणि वजन उतरत चाललेलं. तुरुंगाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पुढच्या वजनाला काटा वर सरकला नाही तर बाळाला बाहेरच्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. तिथून पुढे सासूनं हात वर केले तर बालगृहात. पूनम मला म्हणाली, "एकदा बाहेर गेली ना काकू, तर ती मला ओळखणारपण नाही." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली, जणू बसची वेळ सांगतेय.

शालननं पहिलं काय विचारलं असेल? "पाणी किती पितंस?" तर कळलं, बराकीतली सगळ्यांत म्हातारी कैदी, जिला सगळ्या अम्मा म्हणायच्या, ती पूनमला दिवसभरात मोजके घोट पाणी देत होती. बाळंतीण जास्त पाणी प्यायली की बाळाला सर्दी होते, हे तिच्या आजीनं सांगितलेलं. ऐन उन्हाळा, आणि पोरगी वाळलेल्या बोंबलासारखी! आता शालन फाडफाड बोलणार म्हणून मी पदर खोचून तमाशा बघायला बसले. तर ही बया अम्माला म्हणते, "अम्मा, हिच्या पाण्याकडे तुझ्याशिवाय कोण बघणार? गार नको, हां. तुझ्या हातचा कोमट. तांब्या रिकामो झालो की परत भर." अम्मा खूश! त्या दिवसापासून अम्मा तांब्या घेऊन पूनमच्या मागे अशी फिरायची, की पूनमला तुरुंगापेक्षा त्या तांब्याचीच धास्ती बसली.

पुढच्या खेपेला शालननं अळिवाचे लाडू केले. फाटकात झडतीला सुर्वे होती. तिनं प्रत्येक लाडू फोडला, आत काय लपवलंय ते बघायला. परातभर भुगा झाला. "काय सापडला गो? पिस्तूल?" शालननं विचारलं. सुर्वे हसली नाही. ती कधीच हसायची नाही, आणि बराकीकडे तर फिरकायचीच नाही. तेवढ्यात आतून पूनमचं बाळ रडलं. सुर्वे झटकन भिंतीकडे वळली आणि हातांची घडी छातीवर घट्ट दाबून धरली. मला वाटलं, काय कठोर बाई! शालननं मात्र तिच्या गणवेशावर पसरणारा ओला डाग पाहिला होता.

"किती महिन्यांचा?"

"मॅडम, पुढे चला."

"झील की चेडू?"

सुर्वे भिंतीलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "मुलगा. पाच महिन्यांचा. घाटकोपरला सासूबाईंकडे असतो. इथं कुणाचंही बाळ रडलं ना, की मला... थांबतच नाही. म्हणून मी आत जात नाही."

"आणि भरून येता तेव्हा?"

"बाथरूममध्ये पिळून टाकते. ड्युटीवर दुसरं काय करणार?"

शालननं तो लाडवांचा भुगा तिच्यासमोर सरकवला. "खा. आणि तुमच्या मोठ्या मॅडम खंय बसतत ता सांग."

आता तिची लबाडी ऐका. पूनमसाठी स्वतंत्र जागा मागितली असती तर नियम आडवे आले असते. शालन अधीक्षक मॅडमपुढे बसली आणि पूनमचं नावच काढलं नाही. "मॅडम, एवढ्या सगळ्या सरकारी इमारतींत हिरकणी कक्ष झाले. तुमच्या पोरी मात्र बाथरूमात उभ्या राहून दूध पिळतात. तुम्हाला बरं वाटतं?" मॅडमना नव्हतं बरं वाटत, त्याही दोन मुलांच्या आई. मोडकी शिलाई मशीनं ठेवलेली एक अडगळीची खोली होती, ती रिकामी करून मिळाली. खिडकीला पडदा आला, दोन खुर्च्या आल्या. उद्घाटनाला मॅडम आल्या तर एका खुर्चीत सुर्वे, आणि दुसरीत बाळाला घेऊन पूनम! मॅडम बघतच राहिल्या. शालन निरागसपणे म्हणाली, "खुर्ची रिकामीच होती ना." मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग बाळाच्या काडीसारख्या पायांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारून सगळं करा. आणि मला काही सांगू नका." परवानगी द्यायची ती पण एक पद्धतच.

सुर्वेला ते मुळीच रुचलं नाही. कैद्याशेजारी बसायचं म्हणजे काय! तिनं खुर्ची अशी फिरवली, की दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. शालन पूनमच्या पुढ्यात. बाळाला उघडं करून तिच्या उघड्या छातीशी धरायचं, तोंडी द्यायचं आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दूध चमच्यानं वरून थेंबथेंब सोडायचं. म्हणजे बाळाला वाटतं की आईकडूनच येतंय, ते ओढत राहतं, आणि त्या ओढण्यानं आटलेलं दूध परत जागं होतं. ऐकायला सोपं. करायला बसलात तर पाठीचे तुकडे! मी एकदा चमचा धरला, तर बाळाच्या तोंडापेक्षा पूनमच्या साडीनंच जास्त दूध प्यायलं. शालननं मला हाकलून खोलीच्या दाराशी बसवलं.

दिवसामागून दिवस गेले, दुधाचा पत्ता नाही. एकदा बाळ चिडून रडायला लागलं आणि पाठीमागे सुर्वेचा पान्हा असा सुटला, की तिची दूध साठवायची बाटली बघता बघता भरली. पूनमनं मान वळवून ती बाटली पाहिली आणि हुंदके द्यायला लागली. "रडते माझी, आणि दूध हिला!" सुर्वे इतकी ओशाळली, जणू चोरी करताना सापडली. मग तिनं उठून आपली खुर्ची फिरवली. समोरासमोर. "द्या चमचा," शालनला म्हणाली, "तुम्ही जरा पाठ टेका." त्या दिवसापासून चमचा सुर्वेकडे आला. ड्युटी संपली तरी थांबायची. घाटकोपरच्या सासूबाईंनी काय ऐकवलं असेल, ते तिनं कधी सांगितलं नाही.

आणि एका सकाळी सुर्वे चमचा भरायलाच विसरली. चमचा रिकामा, हात तसाच वर, आणि बाळ ओढतंय... ओढतंय... गालाची हालचाल बदलली. आधी भराभर, मग संथ, आणि मध्ये एक बारीक 'गुटुक'. "गिळतेय!" सुर्वे किंचाळली. "पूनम, गिळतेय ही! चमचा रिकामा आहे गं!" त्या किंकाळीनं पहाऱ्यावरच्या चार शिपायांनी काठ्या उचलल्या. अम्मा तांब्यासकट धावली आणि सगळं पाणी माझ्या अंगावर. त्या गडबडीत पूनमच फक्त हलली नाही. ती श्वाससुद्धा घेत नव्हती बहुतेक. वजनाच्या दिवशी काटा वर सरकला. मी सांगते किलोभर, शालन म्हणायची मूठभर. पण बाळ आईपाशी राहिलं. पुढे पूनमला जामीन मिळाला, तेव्हा तिच्या कडेवरची पोरगी इतकी गुबगुबीत होती, की फाटकात सुर्वे म्हणाली, "हिची झडती घ्यायला दोन माणसं लागतील." सुर्वेला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर ती खोली कधी रिकामी राहिली नाही. तिचा एक नियम मात्र सांगायला हवा. तुरुंगातल्या खोलीला आतून कडी चालत नाही, आणि तुरुंगात दार वाजवून आत यायची रीतही नाही. एकदा मॅडमनी धाडकन दार उघडलं तर आतली आई दचकली आणि बाळ सुटलं. शालन म्हणाली, "मॅडम, दूध भित्रं असतं. दचकलं की आत जाऊन बसतं." तेव्हापासून दार वाजवायचं आणि थांबायचं. आत यायचं की नाही, ते जी पाजतेय ती सांगणार. शिपाई असो नाहीतर कैदी.

परवा मी शालनशिवाय पहिल्यांदाच तिथं गेले. वरून कुणी मोठे साहेब पाहणीला आले होते. मॅडम त्यांना दाखवत दाखवत त्या दारापाशी आल्या, थांबल्या, आणि बोटांनी दोनदा टकटक केलं.

"थांबा!" आतून एका पोरीचा आवाज आला. नवीन होती. तिनं शालनला कधी पाहिलंही नव्हतं. "आत्ताच लागलीय. नंतर या."

साहेबांचा हात दाराकडे गेला होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "थांबावं लागतं, सर." साहेबांनी मॅडमकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, हात मागे घेतला... आणि सगळा लवाजमा आवाज न करता व्हरांड्यात उभा राहिला.