दर रविवारी एक सूत

चाळीस वर्षं कपडे शिवणाऱ्या या माणसाला सगळे मास्तर म्हणत. फिटिंगच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्यांच्या हातून पाप घडलं तेही फिटिंगमध्येच.

त्यांचं धाकटं लेकरू चोवीस वर्षांचं, छापखान्यात कामाला. मुलगी म्हणून वाढवलेलं. एक दिवस जेवता जेवता त्यानं सांगून टाकलं, "बाबा, मी मुलगी नाही. मुलगाही नाही." मास्तर त्याच्यासोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात ठरलेला एकच रस्ता नसतो. कुणी हार्मोन्स थोडेच घेतं, कुणी नुसतं ऑपरेशन करतं, कुणी काहीच करत नाही." धाकट्याचं ठरलेलं होतं. औषधं नकोत, फक्त छाती सपाट हवी.

मास्तरांना ते पटेना. पुरुष व्हायचं असतं तर एक वेळ त्यांनी मनाची समजूत घातली असती. पण हे ना इकडचं ना तिकडचं, आणि त्यासाठी अंगावर सुरी?

"नंबर लागायला चार महिने आहेत ना? तोवर मी शिवून देतो काहीतरी," ते म्हणाले.

"खरंच, बाबा?" धाकट्याचे डोळे भरून आले.

जाड, न ताणणाऱ्या कापडाची, बाजूला हुक असलेली, छाती दाबून सपाट ठेवणारी बंडी त्यांनी शिवली. मापाला चोख. दर रविवारी ती धुऊन, टाके तपासायला त्यांच्याकडे यायची, आणि दर रविवारी मास्तर ती एक सूत आत घ्यायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या जाचानं पोर सपाट छातीलाच कंटाळेल, नको ते ऑपरेशन म्हणेल, असा त्यांचा बेत. माया माणसाला किती नीच करते पाहा!

धाकटं कंटाळलं नाही. "माझंच अंग वाढतंय," म्हणालं आणि एक वेळचं जेवण सोडलं. पाण्याचा पेला घेऊन गप्पा मारत समोर बसायचं. मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नसे, तरी ते उतरवायचे. आज सांगू, उद्या सांगू करत रविवार उजाडायचा आणि हात पुन्हा मशीनकडे जायचा.

दहाव्या रविवारनंतर खोकताना धाकट्याच्या कुशीत कळ आली. फोटो काढला, तर बरगडीला तडा.

"वजन आठ किलोनं उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग बंडी घट्ट कशी होते?"

"बंडीचा दोष नाही हो," धाकटं घाईनं म्हणालं. "बाबा स्वतः शिवतात. त्यांच्या हातून माप चुकत नाही."

मास्तरांना ते ऐकवेना. "चुकलं नाही," ते म्हणाले. "मीच आत घेत होतो. दर रविवारी. तुझा विचार बदलावा म्हणून."

धाकटं त्यांच्याकडे वळलं.

"म्हणजे माझं अंग वाढत नव्हतं?"

"नाही, बाळा."

"आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवत होता."

मास्तरांनी हात जोडले. चुकलो म्हणाले, दोनदा म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. बरगडी सांधेपर्यंत ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं होतं. त्या दिवशी सोबत कोण राहणार, त्यांनी विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मावशीचं नाव लिहा," ते म्हणालं.