माकूचा होकार

माकू माझी शेजारीण. साठी उलटली तरी कोरड्या दिवसांत पहाटेपासून खाजणात वाकून मीठ गोळा करते. दुपारी परतते तेव्हा तिची कंबर सरळ व्हायलाच वेळ लागतो. तशात दर शनिवारी विद्यापीठात भाषेचा अभ्यास करणारी अफ्रिये यायची. पोर लांबच्या कुमासी शहराकडची, पण आमची डांगमे भाषा छान शिकलेली. माकू तिला आधी पाणी द्यायची, मग काय काम काढलंस म्हणून विचारायची. काम ठरलेलंच. अफ्रिये चटईवर शब्दांची दोन-दोन कार्डं शेजारी मांडायची.

“मावशी, हे दोन जोडून म्हणतात का?”

“म्हणतात.”

“अर्थ?”

अर्थही मिळायचा. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला नाही कसं म्हणायचं? शिवाय होकार दिला की काम उरकायचं आणि पाठ टेकता यायची.

परवा ती जाड बाड घेऊनच आली.

“सोमवारी प्रबंध द्यायचाय, मावशी. एक अख्खं प्रकरण तुमच्या जोडशब्दांवर आहे. पहिल्याच पानावर तुमचं नाव!”

ती वाचू लागली. घर आणि बाप, म्हणजे घरमालक. औषध आणि बाप, म्हणजे वैद्य. मी बाजूलाच बसून मासे साफ करता करता मान डोलावत होते. मग आलं मीठ आणि नवरा: बायकोच्या मिठावर जगणारा पुरुष.

“अगं बाई! असं कोण म्हणतं?” मला हसू आवरेना. “तसले नवरे गावात ढिगानं आहेत, पण हा शब्द नाही हो ऐकला कधी.”

अफ्रियेने माकूकडे पाहिलं. माकू स्वतःच्या पायांकडे बघत होती.

“मीच रचला तो,” ती म्हणाली. “कंबर दुखत होती, पोरी. तू कधी जातेस असं झालं होतं.”

“असे किती आहेत?”

“कोण मोजतंय?”

“मग सोमवारी मी काय देऊ, मावशी?” अफ्रियेचे डोळे भरून आले.

माकूने भिंतीला टेकलेली पाठ सोडवली. “पहिल्यापासून वाच. माझ्या नावावर खोटं नको. नाती शाळेत जातात माझ्या, उद्या वाचतील.”

उन्हं कलेपर्यंत चाललं. नाही. नाही. हे म्हणतात. नाही. प्रत्येक नकाराला माकूचा आवाज आणखी खाली जायचा आणि अफ्रिये एक ओळ खोडायची. शेवटी शेवटी तिला होकारही खरा वाटेना.

“हे नक्की म्हणतात? की दमलात म्हणून?”

“दमलेय,” माकू म्हणाली. “पण म्हणतात. पुढचं वाच.”