रुमाल टाकून जीन बंद करणारे सर

आमचे बायोलॉजीचे सर आज सकाळी रोह्यात वारले, आणि मला त्यांचा रुमाल आठवून हसू आवरत नाहीये.

बारावीत मी एका चॅप्टरपुढे हात टेकले होते. प्रोटीन डीएनएवर बसतं आणि जीन बंद होतं. म्हणजे नक्की काय होतं?

सर म्हणाले, "चला स्टँडवर."

पेण स्टँड. रोहा गाडी लागली. सरांनी खिडकीतून सीटवर रुमाल टाकला.

"बघ गो. सीट म्हंजे जीन. रुमाल म्हंजे रिप्रेसर, जीन दाबणारं प्रोटीन. रुमालात ताकद हाय काय? नाय. पण बरोबर जागेवर पडलाय. आता कोण बसणार नाय. जीन बंद!"

तेवढ्यात जोहे गावच्या एका आजींनी रुमाल उचलला, त्यानेच घाम पुसला आणि ऐसपैस बसल्या. मागून त्यांचं हळदीला निघालेलं अख्खं खटलं चढलं.

"अहो आजी, रुमाल माझा होता!"

"व्हय रं. मऊ हाय."

सरांचा चेहरा पडला, पण शिकवणं थांबलं नाही.

"रिप्रेसर उठला की हे असं. वाढीचं जीन मोकळं सुटलं, की पेशींवर पेशी. याला कॅन्सर म्हणतात."

आणि रोह्यापर्यंत उभ्याने गेले.

आज मी लॅबमध्ये अशाच एका प्रोटीनवर काम करते. ते पेशीच्या वाढीचं जीन दाबून धरतं.

गेल्या वर्षी सरांना ब्लड कॅन्सर निघाला. फोनवर पहिलंच वाक्य, "माझा रुमाल कुणी उचलला गो?"

मी रडायला लागले. सर वैतागले.

"रडतेस काय? तुझं प्रोटीन का उठतं ते शोध. आणि आधी मला सांग. कळल्याशिवाय मला जायचं नाय."

काल उत्तर मिळालं. छोटंसंच. प्रोटीनचा एक तुकडा बदलला की त्याला डीएनए धरून ठेवताच येत नाही.

सकाळी उड्या मारत फोन लावला. सरांच्या मिसेसनी, आमच्या मॅडमनी उचलला.

"गेले गो सर. आत्ताच."

मग मॅडमच म्हणाल्या, "उत्तर मिळालं काय? सांग. मी त्यांच्याजवळच बसलेय. स्पीकरवर टाकते."

मी सगळं सांगितलं. 

शेवटी मॅडम म्हणाल्या, "मला काय समजलं नाय गो. पण ते असते तर तुला अजून दोन प्रश्न विचारले असते."

विचारलेच असते. आणि मला एकाचंही उत्तर आलं नसतं.

सर, तुमच्यावर फार जीव होता. शेवटचा नमस्कार.