स्वच्छ टॉवेल

ड्रायरमधून काढलेल्या गरम टॉवेलांचा वास आला की मी इंग्लंडमधल्या स्लाऊच्या त्या लॉन्ड्रेटमध्ये, नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, जाऊन पोचते.

ऐंशीच्या दशकातला नोव्हेंबर होता, मी आठ वर्षांची. तिथल्या रिवाजाप्रमाणे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली होती आणि शाळेतून घरी येईपर्यंत अंधारून यायचं. त्या दिवशी घरात दिवाच लावलेला नव्हता. आई कोट घालून जिन्याच्या पायरीवर बसली होती. मला शाळेत सोडून आल्यापासून ती तिथेच असावी, कारण सकाळच्या कपबशा तशाच पडल्या होत्या.

"आई, लाईट लावू?"

"नको. चल, कपडे धुवायचेत."

तिने कपाटातले घडी केलेले, स्वच्छ टॉवेल पिशवीत भरले. मी पिशवीचा एक बंद धरला. लॉन्ड्रेटमध्ये ट्यूबलाइटचा लख्ख उजेड होता, काचांवर वाफ धरली होती. ड्रायर थांबल्यावर आईने ते ऊन ऊन टॉवेल छातीशी धरले आणि त्यात तोंड खुपसून ती रडली.

"इथलं आभाळ अंगावर येतं गं," ती म्हणाली. "बाबांना सांगू नकोस. ते म्हणतील, होईल सवय."

तो सगळा हिवाळा आम्ही स्वच्छ टॉवेल धूत राहिलो. मला त्याची गंमत वाटायची.

गेल्या वर्षी माझ्या डॉक्टरांनी मला, हिवाळ्यात उजेड कमी झाला की आता मलाही घेरणाऱ्या या उदासीचं नाव सांगितलं, त्यावर उपाय म्हणून टेबलावर ठेवायला एक प्रखर दिवाही सुचवला. आई तोवर गेली होती. तिला सवय कधीच झाली नव्हती. तिने फक्त त्याबद्दल बोलणं सोडलं होतं.