वल्हांडणाच्या आदल्या दिवशी

निवृत्तीनंतर माझ्या बरोबरीच्या लोकांनी बागा केल्या, सहली केल्या. मी लेवीय वाचायला घेतलं. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, हे पुस्तक आमच्या चर्चच्या मंडळीत सहसा कुणी उघडत नाही. वर्षभरात शास्त्र वाचून काढायचा संकल्प करणारे बहुतेक जण तिथे पोचले की गळतात. मला मात्र ते आवडलं. माझी सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात ड्रॉइंग काढण्यात गेली, आणि या पुस्तकात प्रत्येक गोष्टीची रीत ठरलेली होती. होमार्पणाचा पशू कसा कापायचा, रक्त वेदीच्या कुठल्या बाजूला टाकायचं, चरबी कुणाची, कातडं कुणाचं. मी जाड जाड ग्रंथ मागवले. निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएलांच्या तंबूतल्या मंदिराचं, हातांतलं माप मिलिमीटरमध्ये बदलून ट्रेसिंग कागदावर त्याचे नकाशे काढले. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायमचा त्या नकाशांकडे गेला. बायको ताटं घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "बोकड कापून झाले असतील तर बसा जेवायला."

आमच्या विश्रांतवाडीच्या इमारतीत तळमजल्यावर एक बेने इस्राएली बाई राहतात. मराठी बोलणाऱ्या, मूळच्या कोकणातल्या यहुदी. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी परदेशात. माझ्याहून वयाने मोठ्या. मला भाऊ म्हणतात. मी ज्या सणांवर ग्रंथ वाचत होतो ते सण माझ्या पायाखालच्या मजल्यावर दर वर्षी होत होते, आणि त्यांना त्याबद्दल एक शब्द विचारावा असं मला कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं होतं, पण मी ते बाजूला सारलं. त्यांचे सण मला कोकणात मुरलेले, भेसळ झालेले वाटायचे. मला अस्सल हवं होतं, आणि अस्सल ग्रंथात होतं.

त्यांच्या मुलाला मुलगी झाली तेव्हा त्यांनी घरी मलिदा केला आणि आम्हाला ताटली आणून दिली. ओले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर काजू-बदाम आणि फळांच्या फोडी. देवाचे आभार मानायचे म्हणून त्यांच्यात हा करतात. ताटली हातात घेऊन मी त्यांना दारातच समजावलं, की हे मूळचं अन्नार्पण. ते सपिठाचं असायला हवं, त्यावर तेल आणि ऊद. पोहे नंतर शिरले असणार.

"असेल," त्या म्हणाल्या. "माझी सासू असंच करायची. खा तुम्ही."

बायकोने नंतर मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. पण तेव्हा मला लाज वाटली नाही. ती पुढे आली, आणि आली ती राहिली.

माझ्या अभ्यासाची गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, प्रभुभोजनाच्या संध्याकाळी, मंडळीला वल्हांडणाचं जेवण करून दाखवा, असं त्यांनी मला सांगितलं. इजिप्तच्या दास्यातून सुटले त्या रात्रीची आठवण म्हणून यहुदी हे जेवण करतात, आणि आमच्या प्रभूचं शेवटचं भोजन तेच होतं अशी आमची समजूत. मी महिनाभर तयारी केली. बाजारातून कोकराच्या खांद्याचं हाड आणलं. कडू भाजीसाठी बायकोने मागच्या झाडाचा कडुनिंब तोडून दिला. आणि मला एक कल्पना सुचली: सिस्टरना बोलवावं.

त्या वर्षी त्यांचा वल्हांडण आमच्या शुभ शुक्रवारच्या संध्याकाळी लागत होता, म्हणजे माझ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी. घरातून खमिराचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, कण न् कण काढायचा असतो, भांडी बदलायची असतात. मी विचारायला गेलो तेव्हा त्या डबे घासत बसल्या होत्या. "कामं पडलीत हो," म्हणाल्या, "पण तुम्ही बोलावताय तर येते." मी मान म्हणून बोलावतोय असं त्यांना वाटलं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

मंडळीच्या हॉलमध्ये त्या पहिल्या रांगेत बसल्या. मी बोलायला लागलो आणि वाहवत गेलो. यहुदी लोक असं करत असत, तसं करत असत. बेखमीर भाकरी अशी मोडत, कडू भाजी मिठाच्या पाण्यात अशी बुडवत. सगळं भूतकाळात. हे सण म्हणजे येणाऱ्या गोष्टींची सावली होती, प्रभू आला आणि सावलीचं काम संपलं, असंही मी सांगितलं. डबे अर्धवट घासून आलेली बाई समोर बसली होती, आणि मी सांगत होतो की ती जे घासतेय ते संपलंय.

सगळ्यांना भाकरीचा आणि कडुनिंबाचा घास चाखायला दिला, आणि शेवटी मी हात पुढे करून म्हणालो, "आणि आज आपल्यात त्या प्राचीन लोकांच्या वंशातल्या एक भगिनी आहेत." त्यांना उभं राहायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तशा चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचांपैकी एक गृहस्थ उठले. मनाने वाईट नाहीत, पण प्रार्थनेची संधी सोडत नाहीत. त्यांनी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना सुरू केली: हे प्रभू, आमच्या या भगिनीच्या डोळ्यांवरचा पडदा दूर कर म्हणजे ती तुला तारणारा म्हणून ओळखेल, हिच्या लोकांची हट्टी मनं मऊ कर. बरंच लांबलं. त्या उभ्याच होत्या, कारण बसा असं कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते. त्यांनी पदर दोन्ही हातांनी धरला होता आणि समोरच्या टेबलावरच्या माझ्या हाडाकडे बघत होत्या.

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.

घरी येताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. बायको भांडी आवरायला मागे थांबली होती. मला काहीतरी बोलायचं होतं. होळकर पूल गेला, आळंदी रस्ता लागला, तरी तोंड उघडलं नाही. फाटकाशी उतरताना त्याच म्हणाल्या, "कडुनिंब फार घातला होता हो तुम्ही." आणि आत गेल्या.

शुक्रवारी दिवसभर मी उपासनेत बसलो, पण कानात माझाच आवाज होता. शनिवारी जिन्यात त्यांच्या दाराशी थांबलो आणि तसाच वर आलो. ईस्टरच्या दिवशी आम्ही शेजाऱ्यांना केक देतो. मला तो आधार मिळाला. कॅम्पातल्या बेकरीचा मोठा केक घेतला आणि माफी मागायला त्यांच्या दाराशी गेलो. त्यांनी दार उघडलं, खोक्याकडे बघितलं आणि पटकन हात आडवा केला.

"भाऊ, ते आत नका आणू."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. वल्हांडणाचे दिवस चालू होते. घरात खमीर चालत नाही, पाव नाही, केक नाही. तीनच दिवसांपूर्वी मी शंभरेक माणसांना हेच समजावलं होतं. मी खोकं जिन्याच्या कठड्यावर ठेवलं. तिथून पळून जावंसं वाटलं.

"तुम्ही या आत," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढा, फरशी आत्ताच पुसलीय."

ओट्यावर तांदळाच्या भाकरी होत्या, आणि पातेल्यात काळ्या मनुका भिजत घातलेल्या, सरबतासाठी. मी खुर्चीवर बसलो आणि तयार करून नेलेलं बोललो. त्या गृहस्थांच्या प्रार्थनेबद्दल मला फार वाईट वाटलं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यांचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं वॉर्डात काढली, सगळ्या धर्मांच्या लोकांनी माझ्यासाठी प्रार्थना केल्या. कुणाचं मनावर घेतलं नाही. पण तुम्ही आमेन म्हणालात. ते मी ऐकलं."

मी म्हणालो, मला माफ करा.

"आत्ता नाही जमणार," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पेशंटला खरं सांगावं तसं सांगितलं. "उगाच हो म्हणून कशाला फसवू? दारफाळणीच्या सणाआधी या. तेव्हा आम्ही एकमेकांचं सगळं मिटवतो. तोवर माझंही मन निवेल."

दारफाळणीचा सण म्हणजे त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. बेने इस्राएलींचं हे जुनं नाव. घराची दारं लावून दिवसभर कडक उपास करायचे म्हणून. माझ्या ग्रंथांत हे नाव कुठेच नव्हतं. तो यायला पुरा पावसाळा जायचा होता.

ते महिने वाईट गेले. जिन्यात भेट झाली की त्या नेहमीसारखं बोलायच्या, पाणी आलं का, गॅसवाला येऊन गेला का. मीच नजर टाळायचो. अभ्यासाला बसलो की दोषार्पणाचं पान समोर यायचं. दुसऱ्याचं घेतलं असेल तर मेंढा घेऊन वेदीकडे येण्याआधी ते परत करायचं, आणि वर पाचवा हिस्सा घालून. या नियमावर मी एकदा तासभर बोललो होतो. आता प्रश्न पडला, की आमेनचा पाचवा हिस्सा कसा काढायचा?

शेवटी मी पाळकसाहेबांकडे गेलो आणि रविवारी मंडळीसमोर दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. त्यांनी मला परोपरीने समजावलं. लोक विसरलेत, कशाला उकरता. मी ऐकलं नाही. उपासनेनंतर पुढे उभा राहिलो आणि सांगितलं, की मी आपल्या पाहुण्यांना बोलावून त्यांचा अपमान केला, आणि त्यांचे सण संपलेले नाहीत. वाक्यं तुटत होती. प्रार्थना केलेले गृहस्थ बाहेर पडताना माझ्याकडे न बघता पुढे गेले. त्यांच्या मते मी विश्वासात ढिला पडलो होतो. अजूनही ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. एका बाईंनी मात्र हात धरला आणि म्हणाल्या, त्या दिवशी त्यांना खाली बसवावं असं मला वाटत होतं, पण उठले नाही.

सिस्टरना हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पुन्हा एक कार्यक्रम झाला असता.

पाऊस सरता सरता, सणाच्या दोन दिवस आधी मी खाली गेलो. हात रिकामे होते. म्हणालो, "सिस्टर, मी तुम्हाला माणूस म्हणून बोलावलं नाही, दाखवायला बोलावलं. आणि आमेन म्हणालो. माफ करा."

"केलं," त्या म्हणाल्या. मग खुर्ची सरकवून सरळ बसल्या. "आता माझं ऐका. मीही तुमची माफी मागते. मुलाशी फोनवर बोलताना मी तुम्हाला वरचे मोशे म्हणते, देवाचे नियम सांगायला आलेले. किती वर्षं झाली, आम्ही दोघं पोट धरून हसतो. तुमच्या त्या पोह्यांच्या भाषणाची नक्कल करते मी."

मला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. तेव्हापासून त्यांना मी असा दिसत होतो तर. मी म्हणालो, माफ केलं. दुसरं म्हणणार काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना रास्ता पेठेत सोडायला गेलो. प्रार्थनालयाजवळ त्यांच्या चुलत बहिणीचं घर आहे. सणाच्या दिवशी वाहनात बसायचं नाही, म्हणून त्या आदल्या संध्याकाळीच तिथे मुक्कामाला जातात. सूर्य मावळायच्या आत पांढरे कपडे घातलेली माणसं प्रार्थनालयाच्या फाटकातून आत शिरत होती. एक गृहस्थ गाडी लावायला जागा नाही म्हणून अस्सल पुणेरी शब्दांत कुरकुरत होते. दोन बायका गुडघेदुखीबद्दल बोलत होत्या. माझीच भाषा, माझ्याच शहरातली माणसं. पहाऱ्यावरच्या पोलिसाने मला विचारलं, आत जायचंय का. नाही म्हणालो, शेजारी आहे, सोडायला आलोय.

परत न्यायला येऊ नका, पुतण्या सोडेल, असं त्यांनी बजावलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या सुमारास मी गेलो आणि समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा उपासाने उतरला होता. मला बघून थांबल्या. आलात का, असं विचारलं नाही. बहिणीच्या घरी जेवायला थांबायचं आहे, तुम्हीही चला, म्हणाल्या.

मी कसनुसा होऊन नको म्हणालो. आमंत्रण नसताना कसं, घरच्यांना अडचण, असं काहीबाही.

"मी बोलावतेय की," त्या म्हणाल्या, आणि पुढे चालायला लागल्या.