रडारची जागा आन् माझी जागा

ये बाळा, मी तुमच्या घरी आलेच हाय तर असं जवळ सरक. आन् त्यो मोबाईल जरा उपडा ठेव. एक डोळा हिकडं, एक डोळा तिकडं, अशानं कुणाचं काय ऐकून झालंय व्हय? मागच्या बारीला निम्मंच ऐकलंस आन् गावभर सांगत सुटलास, की उत्रोलीच्या खळ्यात म्हातारीनं जहाज बांधलंय. जहाज न्हाई रे, शिडाची बोट. आन् बांधली न्हाई, जुनी घेतली, माझ्या लेकीनं आन् जावयानं. आता नीट ऐक.

लेक माझी भाटघर धरणाच्या पाण्याकडं बघत वाढली. लग्न होऊन पुण्याला गेली तरी पाण्याचं वेड काय सुटलं न्हाई, आन् नवराबी तसलाच मिळाला. दोघं शीड हाकायला शिकले. मग कोकणातनं ही बोट ट्रकवर घालून थेट आमच्या दारात आणली. डागडुजीला पुण्यातल्या पार्किंगमधी एवढी जागा कोण देतंय? आमचं भात झोडून झालेलं, खळं मोकळंच होतं. माझे धाकटे दीर बोटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वैनी, बोट आली. आता समुद्र कवा येणार?"

समुद्र हितं येणार न्हवता, मीच समुद्रावर जाणार होते. लेक म्हणाली होती, "आई, बोट तयार झाली की किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली गोव्याकडं जाऊ. तुला घेऊनच." म्या समुद्र बघितलाय तो घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून. लाट आली की लुगडं वर, लाट गेली की खाली. त्याच्या आत जायचं म्हणल्यावर मला रातचं हसू यायचं.

पण एक अडचण. बोटीच्या पोटात जी खोली असते, तिथं बसलं की मला मळमळतं. भाटघरला एकदा फिरून बघितलं, तवा कळलं. अगदी मागं, कठड्याच्या कोपऱ्यात एक फळी हाय, तिच्यावर बसलं की वारं लागतं, दोनी हातांनी धरायला येतं, आन् जीव कसा निवांत. म्या तवाच लेकीला सांगून टाकलं, ही जागा माझी.

आन् मग ते रडार आलं.

पांढरं, गोल, झाकण घातलेल्या पातेल्यासारखं. जावई म्हणाले, "आई, कोकणात पहाटे धुकं पडतं. कुठं होडी आहे, कुठं खडक आहे, डोळ्याला दिसत नाही. हे पडद्यावर दाखवतं." म्या म्हणलं, लई चांगलं, बसवा की. तर बसवायचं कुठं, ह्यावरनं नवराबायकोचं जुंपलं.

जावयांचं म्हणणं, बोटीच्या मागं एक खांब उभा करायचा आन् त्याच्यावर बसवायचं. वायर थोडी लागते, बिघडलं तर हात पोचतो, वजन खाली राहतं. लेक म्हणे, डोलकाठीवरच पाहिजे. जेवढं उंच तेवढं लांबचं दिसतं.

"आणि जेवढं वजन उंच, तेवढी बोट कलते, त्याचं काय?" जावई म्हणाले.

म्या सहज इचारलं, "खांब मागं म्हंजी नेमका कुठं?"

त्यांनी बोट दाखवलं. माझा कोपरा! खांबाला दोन तिरके टेकू लागत्यात म्हणे, ते बरोबर फळीवर येणार. पण आपल्या जागेसाठी जावयाशी भांडायचं बरं दिसतंय का? मग म्या दुसरीच कारणं काढली.

"डोलकाठीवरच शोभंल बगा. देवळाचा कळस काय मागच्या भिंतीला असतो व्हय?"

"आई, कळसाला लाटा लागत नाहीत."

"बरं, मग बैलगाडीचं घ्या. मागं भार झाला की गाडी उलाळ होती, जू वर उचलतं. बोटीचंबी तसंच हुणार."

"मग पुढं मी बसतो ना," जावई हसले. लेक माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला काय तरी वास लागला होता.

शेवटी ठरलं, करून बघू. पण खरं रडार पाण्यात पडलं म्हंजी? म्हणून म्या घरातला स्टीलचा डबा काढला, त्यात रडारच्या वजनाचा इंद्रायणी तांदूळ भरला. दिरांनी ट्रॅक्टरला बोटीची गाडी जोडली आन् भोरातनं भाटघरच्या पाण्याकडं आमची वरात निघाली. रस्त्यात ज्याला त्याला ते वरडून सांगत होते, "वैनी तांदूळ इकायला गोव्याला चाललीय!"

दुपारनंतर डोंगराकडनं वारं उठलं. पहिल्यांदा मागं बांबू बांधला, टेकू लावले, वर डबा. माझी रवानगी आत खोलीत. धरणाचा बांध नजरेआड झाला न्हाई तोवर मी तोंडाला पदर लावून बाहेर. तवा मनात पक्कं झालं, रडार मागं बसलं तर मी घरी बसले.

मग डबा डोलकाठीच्या पार शेंड्याला चढवला. मी फळीवर राणीसारखी बसले. शीड भरलं आन् बोट अशी कलली, की मला वाटलं ह्या अंगाचं पाणी आता मांडीवर येतंय. जीव मुठीत. पण तोंड उघडलं असतं तर रडार परत मागं गेलं असतं ना! म्हणून मी हसत बसले.

"आई, भ्या वाटतंय का गं?"

"छ्या! झोका हाय नुसता."

"मग कठडा का एवढा आवळलास? बोटं पांढरी पडलीत तुझी." लेक माझ्याशेजारी येऊन बसली. "खरं सांग. हितं भाटघरला सांगितलंस तर काठ जवळ हाय. दर्यावर सांगशील, तवा काय करू मी?"

मग सांगितलं बाबा सगळं. शेंड्याला डबा असला की भ्या वाटतं, आन् मागं खांब आला की माझी जागा जाती, आन् जागा गेली की मला येता येत न्हाई. आन् मला तर यायचंय.

जावयांनी शीड सैल सोडलं, बोट सरळ झाली. "एवढंच होतं? आई, कळस नि बैलगाडी कशाला मग? शेंडा आणि शेपूट सोडून मधली जागा आहेच की."

डोलकाठीला मध्यावर दोन आडव्या काठ्या असतात. त्यांच्या जरा खाली, पुढच्या अंगाला डबा घ्यायचा ठरलं. लांबचं थोडं कमी दिसंल, पण होड्या आन् खडक तेवढ्यात दिसत्यात. जावई दोर सोडत होते, लेक खालनं बघत होती, आन् डबा काठीला आपटून झाकण उडालं! सगळा इंद्रायणी दोघांच्या डोक्यावर. ह्यांचं लग्न कचेरीत सह्या करून झालेलं, अक्षता टाकायची माझी हौस राहिली ती राहिलीच होती. म्या हात जोडले आन् वरडले, "शुभमंगल सावधान!" काठावरनं दिरांनी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवला तो थांबवीनात.

डब्यात तेवढ्याच वजनाचं पाणी भरून अजून एक फेरी मारली. कलली बोट, पण सोसंल एवढीच. माझी बोटं कठड्यावर नुसती टेकलेली.

रडार आता तिथंच बसवलंय. पुढचं शीड बाजू बदलताना त्याला घासतं, म्हणून भोवती वाकवलेल्या पायपाचं कडं केलंय. परवा पाण्यावर नेऊन चालू केलं. पडद्यावर समोरचा काठ उमटला, आन् एक ठिपका. बघतो तर लांब खरंच एक मासे धरणारा होडीत बसलेला. त्याला हात केला, त्यानंबी केला.

जावई म्हणाले, "एक राहिलं. डोलकाठीच्या आडोशामुळं ह्याला बरोबर पाठीमागची एक पट्टी दिसत नाही. तिकडं कुणीतरी डोळे लावून बसायला हवं."

"कुणाला बसवताय?" म्या इचारलं.

"तुमची जागा मागंच आहे ना?"

आता बाळा, मी रोज संध्याकाळी खळ्यात बोटीवर चढून त्या फळीवर बसते आन् मागं बघायची सवय करते. मागं दिसतो आमच्या घराकडं येणारा रस्ता. त्याच्यावर तू अजून एकदाबी दिसला न्हाईस, दर बारीला मलाच तुमच्याकडं यावं लागतं. आमी बोट कोकणात उतरवायच्या आत ये. लवकर ये, आन् रिकाम्या पोटानं ये, नव्या तांदळाचा भात घालते.